छपरावर बसलेला ढग

१

सिलिंडर उचलला आणि गोपीनाथ नाखव्याच्या हाताला काय ते कळलं. तरी त्यानं पिशवीतून ताणकाटा काढला, जिन्याच्या कठड्याला अडकवला आणि सिलिंडर त्याला टांगला. काटा थरथरत खाली आला आणि साडेअकरा किलोंवर थांबला. सोळा भरायला हवे होते. आतला साडेचार किलो वायू शेवटच्या फुंकरीपर्यंत गेलेला होता.

सिलिंडरच्या गळ्यात पुठ्ठ्याचं कार्ड होतं. 'तपासले. वजन १६ किलो. ५ ऑगस्ट १९९४.' खाली सही होती, आणि ती गोपीनाथचीच होती.

आदल्या दिवशी, बुधवारी, कळव्याच्या या शाळेत आग लागली होती. शाळा खाडीच्या काठावर, दुमजली, मागे तिवरांची दाटी. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेतून तिच्या गच्चीवर सौर पॅनेलं बसली होती. वीस निळ्याकाळ्या काचा दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन पीत आणि ते ऊन जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीतल्या बॅटऱ्यांत साठून राही. अवघ्या कळव्याची वीज गेली तरी शाळेचे पंखे फिरत. विजेच्या आगीवर पाणी टाकता येत नाही, म्हणून त्या खोलीच्या दाराशी कार्बन डायऑक्साइडचा हा सिलिंडर होता आणि जोडीला वाळूच्या दोन लाल बादल्या. दर तीन महिन्यांनी येऊन हे सगळं तपासायचं काम गोपीनाथचं.

आग कशी लागली ते कळायला त्याला पाच मिनिटं पुरली. एका बॅटरीच्या टोकावरचा नट सैल पडला होता, भोवती हिरवट पांढरी पूड साचली होती. सैल जागी ठिणगी उडाली आणि लाकडी मांडणीनं पेट घेतला. दिवाळीच्या सुट्टीत त्या बॅटऱ्यांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. यात कुणाचं पाप नव्हतं, नुसती हयगय होती.

पाप होतं ते सिलिंडरात. शिपाई देवराम पष्टे धूर पाहून वर धावला. त्यानं पिन ओढली, मूठ दाबली, आणि सिलिंडरच्या काळ्या भोंग्यातून काहीच आलं नाही. वर्गांमध्ये तीनशे मुलं होती आणि जिना एकच. धूर खाली उतरू नये म्हणून देवरामनं दोन्ही बादल्या आत ओढून खोलीचं दार आतून लावून घेतलं, दमट होऊन दगड झालेली बादल्यांतली वाळू हातांनी फोडली, आणि आग विझेपर्यंत तो बाहेर आला नाही. मुलांच्या केसालाही धक्का लागला नाही. देवरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

गोपीनाथ कार्डाकडे बघत राहिला. अक्षर त्याचं, पण पाच ऑगस्ट काही त्याला आठवेना. त्याची बायको जनी जुलैच्या शेवटी गेली. त्यानंतरचे पंधरावीस दिवस त्याच्या डोक्यात होते ते भरतीच्या पाण्याखाली गेलेल्या पायवाटेसारखे. वाट आहे हे माहीत असतं, पण पाय कुठे पडला ते दिसत नाही. त्या दिवशी आपण इथे आलो होतो का? सिलिंडर काट्याला टांगला होता, की घरीच बसून मागच्या खेपेचा आकडा कार्डावर उतरवला होता?

सव्वीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेल्या माणसाला त्या सकाळी पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

पिनेला बांधलेली तांब्याची बारीक तार तुटून लोंबत होती. त्यानं ती सोडवून कागदात गुंडाळली, खिशात घातली, आणि तो मुख्याध्यापिकांना भेटायला खाली उतरला.

२

शुभदा आगाशे बाईंना सगळा कळवा ओळखत होता. सत्तावन्न वर्षांच्या, नौपाड्यात राहणाऱ्या, आवाज न चढवता शाळा गप्प करणाऱ्या. टेबलावर कागद साचू द्यायचा नाही, आला तो त्याच दिवशी निघाला पाहिजे, असा त्यांचा दंडक. आज मात्र काचेच्या पेपरवेटखाली एक टाइप केलेलं पत्र पडून होतं.

बाईंच्या डाव्या हाताला पट्टी होती. गोपीनाथची नजर तिथे गेलेली पाहून त्यांनीच सांगितलं, की दिवाळीत चहाचं आधण सांडलं, आता बरंच बरं आहे. पट्टी बोटांच्या आतल्या बाजूनं होती. हाताची वरची बाजू मोकळी, नितळ.

मग त्यांनी पत्र पुढे सरकवलं. ते संस्थेच्या समितीनं पाठवलं होतं. देवरामला कामावरून कमी करावं, मुख्याध्यापिकांनी सही करून शनिवारी बैठकीत आणावं, असा मजकूर. समितीतल्या कुणीतरी ऐकलं होतं, की ऑक्टोबरच्या उकाड्यात देवराम सिलिंडरचा वायू सोडून आपला पाण्याचा माठ गार करायचा. हे कुणी पाहिलं होतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"आणि तसं नसेल, तर?" गोपीनाथनं विचारलं.

"तर समितीचं म्हणणं असं, की कार्डावरचं वजन खोटं आहे." बाई त्याच्याकडे न बघता बोलल्या. "दोहोंपैकी एक कुणीतरी दोषी ठरणार, नाखवा. देवराम किंवा तुम्ही."

गोपीनाथनं शनिवारपर्यंत मुदत मागितली. बाईंनी लगेच होकार दिला. इतका लगेच, की दाराबाहेर पडल्यावर त्याला वाटलं, त्यांनाही ती मुदत हवीच होती.

बॅटरीच्या खोलीची आणि गच्चीची किल्ली तिघांकडे असायची. देवरामकडे, विज्ञानाच्या शिक्षिका शालन ओव्हाळ यांच्याकडे, आणि बाईंकडे. तो आधी शालनबाईंना शोधायला निघाला. प्रयोगशाळेच्या दाराशी पोचला, तर त्या आत एकट्याच बसून रडत होत्या.

३

शालन ओव्हाळ तिशीच्या आतबाहेर. चाळीत वाढलेली, शिष्यवृत्तीवर शिकलेली, आणि आता त्याच वस्तीतल्या मुलांना प्रकाशाचे आणि वायूंचे धडे शिकवणारी. गोपीनाथ दिसताच तिनं डोळे पुसले आणि स्वतःहून सांगून टाकलं. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन होतं. ढग कसा तयार होतो हे मुलांना दाखवायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी तिनं दिवाळीआधी बाईंकडे एक सिलिंडर मागितला होता. बाईंनी साफ नाही म्हटलं. आगीची वस्तू आगीसाठीच, खेळायला नाही, असं त्या म्हणाल्या. आता हे समितीला कळलं तर सगळे तिच्याकडेच बोट दाखवणार.

"तुम्हाला ही कल्पना कुठून सुचली?" गोपीनाथनं विचारलं.

शालन ओलसर डोळ्यांनी हसली. "तुमच्याकडूनच की. जूनमध्ये तुम्ही पटांगणात एक सिलिंडर सोडून दाखवला होता. भोंग्यातून पांढरं धुकं आलं आणि जमिनीवर बर्फासारखे कण पडले. मुलं वेडी झाली होती. आगाशे बाई कधी काही विचारत नाहीत, पण त्यांनीसुद्धा विचारलं, हा बर्फ हातात घेता येतो का. तुम्ही म्हणालात, नाही, हात भाजेल."

गोपीनाथला ते आठवलं. जून सगळा स्वच्छ आठवत होता. जूनमध्ये जनी होती.

बोलता बोलता शालननं स्टुलावर चहा ठेवला. तिचे दोन्ही हात कोरे, कुठेही डाग नाही. सुट्टीभर ती नाशिकला भावाकडे होती. जाताना किल्ली बाईंच्या हवाली करून गेली होती, ती सोमवारी शाळा उघडल्यावर परत घेतली. खरं की खोटं, हे विचारून घेण्यासारखंच होतं. ऑफिसातल्या कारकुनानं तिथल्या तिथे खरं म्हणून सांगितलं.

दुपारी गोपीनाथ ठाण्याला इस्पितळात गेला. देवराम पाठीवर पडून होता, दोन्ही हात कापसात, उशांवर ठेवलेले. त्याचं म्हणणं थोडक्यात होतं. सुट्टी लागली तसा तो मुरबाडकडे बहिणीच्या गावी गेला, तो शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत आला. माठाची गोष्ट ऐकून त्याला हसूही आलं नाही.

"मला ठाऊक असतं सिलिंडर रिकामा हाय, तर मी त्याला हात कशाला लावला असता?" तो म्हणाला.

गोपीनाथ खाटेजवळ थबकला. इतकी साधी गोष्ट समितीतल्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. ज्यानं वायू सोडला, तो आग लागल्यावर या सिलिंडरकडे धावणार नाही. तो थेट वाळूकडे धावेल. म्हणजे देवराम नव्हे.

मग उरला कोण? शालन नाशिकला, देवराम मुरबाडला. आणि पाच ऑगस्टची तारीख लिहिणारा एक माणूस, ज्याला पाच ऑगस्ट आठवत नव्हता.

४

संध्याकाळच्या उन्हात तो पुन्हा शाळेमागे आला. का आला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जनी गेल्यापासून त्याचे पाय असेच त्याला न विचारता कुठेही जात. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांमधून चिखल चमकत होता आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास होता.

गावठाणातली केशरबाई तिथे मांडवावर बोंबील वाळत घालत होती. साठीची, काटक, कासोटा घातलेली. गोपीनाथ ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, त्यामुळे ओळख निघायला वेळ लागला नाही. त्याची बायको जनी ती ठाण्याच्या बाजारात बसायची तीच का, असं तिनं विचारलं. मग तिनं त्याला बसायला फळी दिली.

शाळेतल्या आगीचं तिला नवल नव्हतं. ती म्हणाली, त्या छपरावर काहीतरी आहे हे तिनं आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. सगळे हसले.

"काय आहे?"

केशरबाईनं बोंबील खाली ठेवला. "ढग बसलेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी, दुपारचा. आभालान येक ढग नव्हता, आणि शालेच्या छपरावर हा पांढरा ढग. त्या काल्या काचांच्या मदी. कठड्यावरून खाली सांडत होता, दुदासारखा."

गोपीनाथनं मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मावळतीचं ऊन पॅनेलांवरून घरंगळत होतं, आणि एक क्षण त्यालाही तिथे पांढरं काही तरंगताना दिसलं, मग ते विरून गेलं.

"किती वेळ होता?"

"दोन विड्या वढेपरेंत. मंग सूर्यानं खाल्ला त्याला." केशरबाई पुन्हा मासळीकडे वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "पन मला भ्या वाटला ता येगल्याचसाठी. त्या ढगान कोनतरी हसत होता. बाप्या मानूस. बारक्या पोरासारखा हसत होता."

५

शुक्रवारी सकाळी गोपीनाथनं शाळेतले बाकीचे सगळे सिलिंडर एकेक करून उतरवले. प्रयोगशाळेतला, ऑफिसातला, तळमजल्याच्या व्हरांड्यातले दोन, स्वयंपाकघराजवळचा. पाचही कार्डांवर पाच ऑगस्टचीच तारीख होती. प्रत्येकाला काट्यावर टांगलं, कार्डाशी ताडून पाहिलं. पाचही बरोबर भरले. एकाचं वजन मागच्या खेपेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी होतं, आणि कार्डावरही तेवढंच कमी लिहिलेलं होतं. घरी बसून हा आकडा कुणाला लिहिता आला नसता.

म्हणजे तो आला होता. दुःखात होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हात आपलं काम करून गेले होते. त्यानं खिशातला कागद उलगडला आणि वरच्या सिलिंडरची तुटकी तार या पाच तारांशेजारी धरली.

गोपीनाथ डावखुरा होता. लहानपणी जाळी विणताना उलट गाठ मारतो म्हणून बापाच्या हातचा मार त्यानं खाल्ला होता. पिनेच्या तारेला तो पीळ द्यायचा तोही उलटाच पडायचा. बंबावरचे सोबती म्हणायचे, चोराला तुझी तार ओळखू येणार नाही, पण तुला चोर ओळखू येईल. समोरच्या पाचही तारांचा पीळ डावीकडून होता. कागदातल्या तारेचा उजवीकडून.

तार तीच होती, पीळ त्याचा नव्हता. कुणीतरी ती हलक्या हातानं उलगडली होती, पिन काढली होती, काम झाल्यावर पिन परत घालून तार होती तशी बांधली होती. चोरानं इतकी नीटनेटकी तार बांधली नसती. हे काम टापटिपीच्या माणसाचं होतं.

गोपीनाथ तिथेच पायरीवर बसला. एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन शेजारी बसत गेली. भाऊबीजेचा दुसरा दिवस. बाईंकडे ठेवलेली किल्ली. जूनमधला तो एकच प्रश्न. आणि चहाचं आधण. उकळता चहा सांडला तर हाताच्या वरच्या बाजूला भाजतं. बाईंची पट्टी बोटांच्या आतून होती, भोंगा धरताना जिथे पकड येते नेमकी तिथे. सुटणाऱ्या वायूनं भोंगा असा गारठतो, की उघड्या हाताची कातडी त्याला चिकटून येते. बंबावर त्यानं अशा दोन जखमा पाहिल्या होत्या. दिसायला भाजल्यासारख्या, पण विस्तवाशी संबंध नसलेल्या.

कोण, ते कळलं होतं. पण का, ते काही केल्या कळेना. आगीची वस्तू खेळायला नाही म्हणणारी ती बाई, ऐन सुट्टीत, गच्चीवर ढग कशाला करेल? आणि तो हसणारा माणूस कोण?

बाई त्या दिवशी शाळेत आल्याच नव्हत्या. गोपीनाथनं पत्ता घेतला आणि नौपाड्याचा रस्ता धरला.

६

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या माणसानं. भर दुपारी त्यानं लोकरीचा मफलर गुंडाळला होता. गोपीनाथकडे त्यानं जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"फार उशीर केलात," तो म्हणाला. "बर्फ पडून गेला."

आतून बाईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून. पण तो माणूस गोपीनाथचा हात धरून त्याला खिडकीपाशी घेऊन गेला आणि सांगत सुटला. मागच्या मुक्कामावर बर्फ पडला. काळ्या तळ्यांची रांग होती, तळी तिरपी होती, आभाळ त्यांच्यात पडलं होतं. त्यांच्या मधून पांढरं धुकं आलं ते गुडघ्यापर्यंत. शुभदा धुक्यातून चालत आली तेव्हा तिच्या हातातल्या पिशवीत बर्फ होता. तिनं तो त्याच्या पायाशी ओतला. त्यानंतर त्याला सगळ्या हमालांची नावं आठवली. एकूण एक.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं.

गोपीनाथनं आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली. देवरामनं सिलिंडर भरलेला समजूनच उचलला होता. तारेचा पीळ त्याचा नव्हता. गावठाणातल्या बाईनं ढग पाहिला होता, आणि त्या दिवशी किल्ली असलेल्या तिघांपैकी गावात होत्या त्या फक्त बाई. हाताच्या जखमेपर्यंत तो आला तेव्हा बाईंनी स्वतःच पट्टी सोडायला घेतली. चार बोटांवर आडवा, मेणासारखा पांढुरका पट्टा होता, कडेनं नवी गुलाबी कातडी धरलेली.

"आणि पत्रावर तुम्ही सही केली नव्हती, बाई," तो म्हणाला. "तुमच्या टेबलावर कागद राहत नाही म्हणतात."

त्या खुर्चीवर बसल्या. शिवराम आगाशे, त्यांचे यजमान, तीस वर्षं भूमापन खात्यात होते. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी हिमालयात तंबूंमध्ये काढली. चार वर्षांपूर्वी त्यांची आठवण उतरणीला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा पत्ता, मग यंदाच्या पावसाळ्यात एक दिवस शुभदाही गेली. त्यांना त्या नर्स वाटू लागल्या. उरला होता तो फक्त बर्फ. रोज दुपारी ते खिडकीशी उभे राहून विचारायचे, आज पडेल का.

"पाडव्याला ओवाळायला बसले," बाई म्हणाल्या, "तर त्यांनी मला विचारलं, तुमचे यजमान कुठे असतात?"

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. दोन दिवसांनी कुणी नसताना त्या त्यांना घेऊन शाळेत गेल्या. त्यांना गच्चीत खुर्चीवर बसवलं. भोंग्याला उशीचा अभ्रा बांधला, उजव्या हातानं मूठ दाबली, डाव्यानं भोंगा धरून ठेवला. हात भाजत होता ते कळत होतं, पण सोडवेना. अभ्र्यात बर्फ साठला. तो त्यांच्या बुटांपाशी ओतल्यावर ते मोठ्यानं हसले, आणि त्यांनी हाक मारली. शुभदा म्हणून. अर्धा तास त्यांना सगळं आठवत होतं.

"शाळा उघडली की तुम्हाला बोलावून सिलिंडर भरून घ्यायचा होता. पण काय सांगून बोलवू? सोमवारी म्हटलं, उद्या. मंगळवारी म्हटलं, उद्या." त्यांनी पट्टी घडी करून मांडीवर ठेवली. "बुधवारी देवरामनं तो उचलला. मी जिन्याच्या खाली होते, नाखवा. दार आतून लागल्याचा आवाज मी ऐकला."

खिडकीशी शिवरामपंत कुणाची तरी वाट पाहत उभे होते. गोपीनाथ म्हणाला, की उद्या समितीपुढे हे कोण सांगणार, ते बाईंनी ठरवावं. त्यानं सांगितलं तर तो चोरी म्हणून सांगेल, कारण त्याला दुसरा शब्द येत नाही.

बाई उठल्या. "आधी इस्पितळात जाऊ," त्या म्हणाल्या. "समितीच्या आधी त्याला कळलं पाहिजे."

७

देवरामनं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, गेला नाही. बाई माफी मागायला शब्द शोधत होत्या, तेवढ्यात तोच बोलला.

"सिलिंडर भरलेला असता, तर मी दार लावलं नसतं, बाई."

एवढं म्हणून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई तासभर तिथे उभ्या राहिल्या. तो वळला नाही.

शनिवारच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, कुठेही आडपडदा न ठेवता. समितीच्या लोकांना हा प्रकार कुठल्या रकान्यात बसवावा ते कळेना. एकानं तर गोष्ट इथेच मिटवू असंही सुचवलं. बाईंनी ते मानलं नाही. मुख्याध्यापिकेचं पद त्यांनी तिथेच सोडलं, वर्ष संपेपर्यंत साधी शिक्षिका म्हणून राहायचं ठरलं. देवरामवरचं पत्र त्यांनी समितीसमोर फाडलं. शाळेत मग जी नवी शिस्त लागली ती गोपीनाथनं घालून दिली. बॅटऱ्यांचे नट दर आठवड्याला, सुट्टी असो नसो, आणि सिलिंडरचं वजन दर महिन्याला, दोन माणसांच्या देखत.

डिसेंबरात देवराम घरी आला, पण त्याची बोटं अजून वळत नव्हती. बाई रोज त्याच्या दारावरून जात. तो आत असला तर आतच राहायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी गोपीनाथ वजन करायला म्हणून वर गेला, तर गच्चीचं दार उघडं होतं. खाडीवर धुकं होतं आणि पलीकडचं ठाणं अजून उगवलं नव्हतं. आगाशे बाई पदर खोचून, बादली आणि फडकं घेऊन पॅनेलं पुसत होत्या. खाडीवरून येणारी खारी धूळ रात्रीत काचांवर बसते. ती रोज पुसली नाही तर वीज निम्म्यानं उतरते. हे काम देवरामचं होतं. त्याचे हात भाजल्यापासून ते कोण करतं, हा प्रश्न शाळेत कुणालाच पडला नव्हता.

कठड्याशी शिवरामपंत कोवळ्या उन्हात खुर्चीवर बसले होते, आणि त्यांच्याशेजारी, पायरीवर, देवराम. तो कधी आला होता, कुणास ठाऊक. त्याचे हात मांडीवर उताणे होते, नव्या कातडीचे, कोवळे. शिवरामपंत त्याला कुठल्याशा खिंडीची वाट समजावून सांगत होते. देवराम होय होय करत होता, पण त्याची नजर बाईंच्या फडक्यावर होती. ती एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जात होती.

गोपीनाथ दारातच थांबला. बाईंनी शेवटचं पॅनेल पुसलं, फडकं पिळलं आणि पाठ सरळ केली. त्यांना वाटलं होतं, झालं.

देवरामनं घसा खाकरला. त्या दिवसानंतर तो त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"खालचा कोपरा राहिला, बाई. खार तिथंच धरते."

बाईंनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि काचेपाशी गुडघे टेकून तो कोपरा पुसायला घेतला. देवराम खुर्चीचा आधार घेत उठला आणि नीट निघतोय का ते पाहायला त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.